हद्दीबाहेरचा इसम

३ जानेवारी २००२

डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि म्हणाले, "इस्तारीभाऊ, ओरडणं कमी करा." मी म्हटलं, मी नगरपरिषदेचा आरोग्य निरीक्षक आहे, ओरडलो नाही तर गावातली एकही नाली उपसली जाणार नाही. ते म्हणाले, मग जे ओरडायचं ते लिहून काढा. सिमेंट कंपनीची डायरी फुकट आली होतीच. म्हणून लिहायला बसलो.

आज ओरडण्यासारखं हे झालं. विभागीय स्वच्छता स्पर्धेची समिती पुढच्या महिन्यात येणार आहे. नाल्या, उकिरडे, मुताऱ्या हे नेहमीचं. यंदा एक मुद्दा नवीन आहे: निराधार मनोरुग्णांची व्यवस्था, गुण दहा. मुख्याधिकारी साहेबांनी मला बोलावलं. साहेब पुण्याकडचे, वय माझ्या मुलाएवढं. विचारतात, "आपल्याकडे असे किती आहेत?" मी विचारलं, ऑफिस धरून की सोडून? साहेब हसले नाहीत.

हे काम माझ्याकडेच का, तर ज्या कामाला टेबल नाही ते आरोग्य विभागाकडे येतं. मेलेलं कुत्रंही असंच येतं.

५ जानेवारी

मोजणी केली. नगरसेवकांनी तिघांची नावं दिली होती. एक निवृत्त गणिताचे मास्तर निघाले, ते फक्त मोठ्याने बोलतात. दुसरा मागच्या पोळ्यापासून कोणाला दिसलेला नाही. उरला जंगू.

जंगू बसस्टँडवर राहतो. म्हणजे आत नाही, भिंतीच्या बाहेर, उघड्यावर, पोतं अंथरून. वय चाळिशीचं असेल. अंगात दोन शर्ट, एकावर एक. एक हात सारखा वर, पंजा उघडा, जणू वरून कोणी बोलतंय आणि हा त्याला थांब म्हणतोय. दुसऱ्या हाताने आणि पायाच्या अंगठ्याने सिमेंटच्या पोत्याचे धागे काढून जाळं विणत असतो.

शेजारी खैरुनबाईंचा चहाचा ठेला आहे. त्या म्हणाल्या, "त्याले वरून आवाज येते, भाऊ. म्हून हात धरून राह्यते. बाकी कोनाले काई तरास नाई."

मी त्याच्यासमोर वही उघडून उभा राहिलो. "गाव कोणतं?"

"तलावाचं."

"कोणत्या तलावाचं?"

"पान्याच्या."

आमच्या भागात गावागणिक तलाव आणि तलावागणिक मासेमार ढिवरांची वस्ती. वही मिटली. खैरुनबाईंनी मला न विचारता दोन चहा केले, एक मला आणि एक त्याला. माझ्यात साखर कमी होती.

६ जानेवारी

व्यवस्था केली. कचऱ्याचा ट्रॅक्टर धुऊन घेतला, लच्छू ड्रायव्हरला घेतलं, जंगूला ट्रॉलीत बसवलं आणि वैनगंगेचा पूल ओलांडून पलीकडच्या जिल्ह्यात, तिथल्या गावच्या बाजारात सोडून आलो. आमच्या हद्दीत आता निराधार मनोरुग्ण शून्य. यापेक्षा चोख व्यवस्था ती कोणती?

ट्रॅक्टर वळवला तेव्हा जंगूने वरचा हात खाली घेतला आणि आम्हाला टाटा केला. लच्छू म्हणाला, "भाऊ, त्याले वाटलं का आपन त्याले बाजाराले आनलं." मी म्हटलं, समोर बघून चालव.

९ जानेवारी

जंगू बसस्टँडवर. त्याच भिंतीशी, त्याच पोत्यावर.

पलीकडे आरोग्य निरीक्षक बाबूभाई आहेत. आम्ही दोघांनी नागपूरला ट्रेनिंग एकाच बाकावर केलं. फोन लावला. बाबूभाई म्हणाले, "इस्तारीभाऊ, तुमचा मानूस आमच्या गाडीनं वापस पाठवला. आमच्याकडंबी समिती येऊन राह्यली ना. दहा मार्क आमाले नोको काय?"

मी विचारलं, तो आमचाच कशावरून?

"तोच सांगे. मले इस्तारीभाऊकडे जायचं हाये म्हने."

मी जंगूला माझं नाव सांगितल्याचं आठवत नाही. खैरुनबाई मला हाक मारतात तेव्हा ऐकलं असेल. यापुढे त्याच्यासमोर नाव उच्चारायचं नाही असं खैरुनबाईंना बजावलं. त्या म्हणाल्या, "हो इस्तारीभाऊ."

१४ जानेवारी

संक्रांत. बसस्टँडमागची नाली आपोआप साफ झाली आहे. जाऊन पाहिलं तर जंगूने विणलेलं जाळं नालीला आडवं बांधलेलं. गावातलं सगळं प्लास्टिक त्यात अडकलं होतं आणि जंगू काठावर बसून एकेक पिशवी सोडवून बाजूला ठेवत होता, आकारमानाप्रमाणे. विचारलं, हे काय? म्हणाला, "लहान हायेत. वाढू द्या लागते."

साहेबांना कळवलं की बसस्टँड नालीवर नवीन प्रयोग चालू केला आहे. साहेबांनी शाबासकी दिली. मी घेतली.

कुंताने तिळगूळ दिला होता तो त्याला दिला. माझी बायको सणाच्या दिवशी कोणालाही तिळगूळ देते, त्यात माझा काही हात नाही.

१९ जानेवारी

साहेबांचं म्हणणं, नुसता शून्य चालणार नाही. समितीला निवारा दाखवावा लागेल आणि सेवेचे लेखी निकषही. "उद्यापर्यंत निकष लिहून आणा."

आपल्या गावात माणसांना ठेवण्याचे निकष कोणी कधी लिहिलेले नाहीत. सगळी कपाटं पाहिली. जिवंत जिवाला ठेवून घेण्याचे एकच नियम नगरपरिषदेकडे आहेत, ते कोंडवाड्याचे. तेच काढले. वाचून चकित झालो. इतके चांगले असतील असं वाटलं नव्हतं. जनावरास सावली, पाणी व पुरेसा चारा द्यावा. जनावरास मारू नये. आजारी असल्यास विनाविलंब डॉक्टरास दाखवावे. मालक आल्यास ओळख पटवून ताब्यात द्यावे. कोंडलेले जनावर कोणीही हद्दीबाहेर हाकलू नये, हाकलल्यास दंड.

जनावर खोडून इसम केलं, चारा खोडून भोजन, मालक खोडून नातेवाईक. लिलावाचं कलम तेवढं काढून टाकलं. बाकी सगळं जसंच्या तसं ठेवलं, एका शब्दाची भर घालावी लागली नाही.

साहेबांनी न वाचता सही केली आणि म्हणाले, "भाषा छान आहे."

२४ जानेवारी

निवारा तयार. शासनाने जकात बंद केल्यापासून जकात नाका रिकामा पडला होता. एक खोली, वर टिनाचं छप्पर. चुना मारला, खाट टाकली, तीन चादरी, एक माठ. दारावर पाटी रंगवून घेतली. माझ्या नोकरीत मी इतकी चांगली मुतारीसुद्धा बांधलेली नाही.

जंगूला घेऊन गेलो. दारापर्यंत आला, वर पाहिलं आणि मागे सरला. "वरून बोलते जी."

"कोण बोलतं?"

"टीन."

मी समजावलं, रागावलो, खाटेवर स्वतः बसून दाखवलं. तो बाहेर उन्हात उभा, हात वर. शेवटी खाट त्याच्याशिवाय ठेवून परत आलो. तो माझ्याआधी बसस्टँडवर पोचला होता.

रक्तदाब किती झाला असेल ते मोजलं नाही.

२५ जानेवारी

आज दुपारी ऑफिसातून कंटाळून निवाऱ्यात गेलो. खाट नवीन, कोणी वापरत नाही, म्हणून जरा पडलो. डोळा लागतो न लागतो तोच वरून कडकड, मग टक्, मग जरा थांबून पुन्हा कडकड. उन्हाने टीन तापून फुगत होतं. अर्धा तास ऐकत पडलो. आवाज एकसारखा नव्हता. मध्येच थांबायचा, मी सावध झालो की पुन्हा सुरू व्हायचा. उठून बाहेर आलो तेव्हा लक्षात आलं की माझाच एक हात वर गेलेला आहे.

कोणी पाहिलं नाही.

२८ जानेवारी

धान मळून झालंय, तणसाला, म्हणजे पेंढ्याला, तोटा नाही. दोन गाड्या तणस आणून टिनावर हातभर जाड पसरलं आणि दोरीने बांधलं. खाली उभं राहून ऐकलं. गप्प.

जंगूला आणलं. दारात उभा राहून त्याने बराच वेळ कान दिला. मग आत गेला. खाटेवर नाही, खाटेखाली पोतं अंथरलं. निकषात खाटेवर की खाली असं काही लिहिलेलं नाही, त्यामुळे हरकत घेतली नाही.

अडचण एकच. गावातले बैल छतावरून लोंबणारं तणस ओढून खातात. दोन बैल कोंडवाड्यात टाकले. त्यांनाही सावली, पाणी, चारा.

४ फेब्रुवारी

जिल्ह्याच्या दवाखान्यात महिन्यातून एकदा नागपूरहून मेंदूचे डॉक्टर येतात. 'विनाविलंब डॉक्टरास दाखवावे' असं आमच्याच निकषात आहे, म्हणून नेलं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि म्हणाले, खंड पडू देऊ नका, एक दिवसही नाही. रोज देणार कोण? खैरुनबाई म्हणाल्या, "मी देते ना चहासंग. त्याले काय, मलेबी शुगरची गोळी घ्या लागते. दोघंबी घेऊ."

पाहणीसाठी रोज संध्याकाळी जातो. कुंता म्हणते, "घरची नाली कवाची तुंबली हाये. तिची पाहनी कोन करनार?" तिला शासकीय कामाचं गांभीर्य नाही.

१० फेब्रुवारी

नोंद घेण्यासारखं: आज जंगूचा हात खाली होता. पूर्ण वेळ. दोन्ही हातांनी जाळं विणत होता, त्यामुळे कामाचा वेग वाढला आहे. मी विचारलं, वरचा आवाज? म्हणाला, "येते. पन दूर गेला. तलावाच्या त्या पारीवर."

मग त्याने मला विचारलं, "तुमाले येते का जी?"

मी म्हटलं, मला साहेबांचा येतो. तो हसला. दात चांगले आहेत त्याचे. मी त्याला हसताना पहिल्यांदाच पाहिलं. घरी जाताना उगीचच लांबच्या रस्त्याने गेलो.

११ फेब्रुवारी

समिती चौदाला येणार. साहेब आज निवारा बघायला आले. चुना, चादरी, माठ, पाटी सगळं पसंत पडलं. मग खाटेखाली पाहिलं आणि चेहरा उतरला.

बाहेर आल्यावर म्हणाले, "हे समितीसमोर बरं दिसणार नाही. तो काही बोलला तर? अंगावर गेला तर? एका दिवसासाठी पलीकडे पाठवा. समिती गेली की आणा."

मी म्हटलं, साहेब, निवारा त्याच्यासाठीच आहे.

"निवारा गावासाठी आहे. गुण गावाला मिळणार आहेत."

मी म्हटलं, कोंडलेला इसम हद्दीबाहेर हाकलू नये असं आपल्या निकषात आहे, खाली आपली सही आहे. साहेब म्हणाले, "हाकलायला कोण सांगतंय? पाहुणा म्हणून पाठवा."

मला पुढे काही सुचलं नाही. खरं म्हणजे सुचलं होतं, पण माझी सेवा थोडी उरली आहे आणि गोपनीय अहवाल साहेब लिहितात. हे इथे लिहून ठेवतो. डॉक्टर म्हणाले आहेत, लिहावं.

१३ फेब्रुवारी

मीच नेलं. ट्रॅक्टरने नाही, एस.टी.ने, तिकीट काढून. दोन दिवसांच्या गोळ्या कागदात बांधून त्याच्या वरच्या शर्टाच्या खिशात ठेवल्या. मी नमस्कार केला तर खैरुनबाई पातेलं घासत राहिल्या.

बाबूभाईंशी फोनवर ठरलं होतं. त्यांच्या ऑफिसच्या व्हरांड्यात ठेवायचं, वर कौलं आहेत, टीन नाही, मी आधी विचारून घेतलं होतं. बाबूभाई म्हणाले, "तुमी बिनफिकीर जा. दोन दिवसाचा तं सवाल हाये."

जंगूने पोतं अंथरलं. मी निघालो तर म्हणाला, "तुमी येता न जी घ्याले?"

"येतो."

"कवा?"

मी म्हटलं, संध्याकाळी. का म्हटलं कोण जाणे. दोन दिवसांनी म्हटलं असतं तर त्याने अजून प्रश्न विचारले असते, आणि बस सुटत होती.

१४ फेब्रुवारी

समिती आली. नाल्या पाहिल्या, नालीतलं जाळं पाहिलं, फोटो काढला. निवाऱ्यात आल्यावर अध्यक्षांनी खाटेवरून हात फिरवला, चादरीची घडी वाखाणली. छतावरच्या तणसाला 'पर्यावरणपूरक' म्हणाले. निकष मोठ्याने वाचून दाखवले आणि इतर सदस्यांना म्हणाले, याला म्हणतात माणुसकी.

एकाने विचारलं, सध्या कोणी राहत नाही?

साहेब म्हणाले, "सर्वांचं पुनर्वसन झालं आहे."

दहापैकी दहा. साहेबांनी सगळ्यांसमोर माझी पाठ थोपटली. पेढा खाल्ला.

१५ फेब्रुवारी

सकाळच्या पहिल्या बसने पलीकडे गेलो. व्हरांडा रिकामा. धुतलेला, चुना मारलेला. समिती आज त्यांच्याकडे होती.

बाबूभाई गेटवर भेटले. टोपी काढून हातात धरली होती. "इस्तारीभाऊ, मले माफ करा. काल आमच्या साहेबानं पाह्यलं. म्हने समिती येऊन राह्यली अन् हा कोन? मी म्हटलं पाहुना हाये, उद्या घेऊन जाते. ऐकलं नाई. उभ्या गाडीत बसवून देल्लं."

"कोणत्या गाडीत?"

"एटापल्लीच्या."

मी ओरडलो. डॉक्टरांनी मनाई केली आहे तरी ओरडलो, रस्त्यावर, लोक थांबून पाहू लागले. बाबूभाई उभे राहून ऐकत होते. ओरडून झाल्यावर लक्षात आलं, मी जे जे त्यांना म्हणत होतो ते त्यांनी कालच्या दिवसात केलं होतं आणि मी परवाच्या. त्यांनी निदान एक वाक्य भांडून पाहिलं होतं. मीही दोनच भांडलो होतो. आम्ही दोघं मग तिथेच नालीच्या कठड्यावर बसलो.

एटापल्ली म्हणजे सगळं जंगल ओलांडून पलीकडे. गोळ्या आज संपल्या.

१६ फेब्रुवारी

साहेबांकडे रजा मागितली. ते म्हणाले, सोमवारी सत्कार आहे, तुमचा पण, रजा कशी देऊ? मी म्हटलं, साहेब, आपला इसम हद्दीबाहेर गेला आहे. ते म्हणाले, "आपला कसला, इस्तारीभाऊ? त्याचं गाव तरी माहीत आहे का तुम्हाला?"

मी म्हटलं, माहीत आहे. तलावाचं.

रजेचा अर्ज टेबलावर ठेवून आलो. मंजूर झाला की नाही ते पाहिलं नाही. कुंताने भाकरी बांधून दिल्या, दोघांच्या. माझी खाकी पँट धुवायला टाकली होती, म्हणून मुलाचा जुना पायजमा, स्वेटर आणि कानाला मफलर, असाच निघणार आहे. खैरुनबाईंनी गोळ्यांची पुडी दिली. म्हणाल्या, "भेटला का पयले हे द्या. मंग बोला."

१७ फेब्रुवारी

हे एटापल्लीच्या बसस्टँडवर बसून लिहितोय. अक्षर वाकडं येतंय, मांडीवर डायरी आहे.

बस दिवसभर चालली. मोहाची झाडं, साग, पुन्हा मोह. दोन ठिकाणी पोलिसांनी उतरवून कोण, कुठचे, कशासाठी विचारलं. मी नाव सांगितलं, गाव सांगितलं. कशासाठीचं उत्तर देताना अडखळलो, तर पिशवी उघडून पाहिली. भाकरी आणि गोळ्या.

उतरलो आणि आधी आत पाहिलं नाही, सरळ भिंतीच्या बाहेर गेलो. होता. पोतं नव्हतं, कोणीतरी घेतलं असेल. एक पुठ्ठा होता. वरचा शर्टही नव्हता. हात वर, पंजा उघडा, दंड थरथरत होता इतका वेळ धरलेला.

मी जवळ जाऊन उभा राहिलो. त्याने माझ्याकडे पाहिलं. मफलर, पायजमा, दिवसभराची धूळ. ओळख नव्हती त्याच्या डोळ्यांत. मी नाव सांगायला तोंड उघडलं, पण तो आधी बोलला.

"तुमालेबी सोडून देल्लं का जी इथी?"

मी आरोग्य निरीक्षक आहे, रजेवर आहे, परतीची बस सकाळी आहे, हे सगळं मला सांगता आलं असतं. मी म्हटलं, "हो."

त्याने पुठ्ठ्यावरून सरकून अर्धी जागा केली. "बसा. तिकडं नोको बसू, तो हाटेलवाला पानी फेकते. इथीच बसा. ती बुढी बाई सकाऊन भात देते, पन मांगाचा नाई. मांगतलं का देत नाई."

मी बसलो. मला रडू येत होतं आणि मी ते येऊ दिलं, इथे कोण ओळखतंय मला. गोळी काढून हातावर ठेवली तर त्याने निमूट घेतली, पाणी न मागता गिळली. भाकरीचा तुकडा मोडून आधी मला दिला.

मग म्हणाला, "घाबरू नोका. मले घ्याले इस्तारीभाऊ येनार हाये. तुमालेबी घेऊन जाऊ. त्याच्या खोलीचं टीन बोलत नाई."

मी विचारलं, कधी येणार म्हणाला तो?

"संद्याकाळी."

मी वर पाहिलं. संध्याकाळच होती.